कोल्हापुरात फ्लॅट भाड्याने घेताना: आधी बिल्डिंग बघा, मग खोल्या

कोल्हापुरात नव्याने राहायला येणारी माणसं फ्लॅट बघताना हॉल केवढा, किचनला ट्रॉल्या आहेत का, बाल्कनीतून काय दिसतं एवढं बघतात आणि टोकन देऊन मोकळी होतात. वर्षभराने त्यांच्याच तोंडून ज्या तक्रारी ऐकू येतात त्या वेगळ्या असतात. पाणी तासभरच येतं, गाडी लावायला जागा नाही, शेजारच्यांना मटणाचा वास चालत नाही, मालक डिपॉझिट द्यायला टाळाटाळ करतो. यातलं काहीच हॉलमध्ये उभं राहून कळत नाही. फ्लॅटच्या दाराच्या आत तुमचं राज्य असलं तरी टाकी, जिना, लिफ्ट, मीटर, पार्किंग आणि भिंत सगळ्यांची असते. अपार्टमेंटमधलं सुखदुःख बहुतेक या सामाईक गोष्टींवरच ठरतं. म्हणून आधी भाग, मग बिल्डिंग, मग कागद आणि मग माणसं, असा क्रम मी इथे धरला आहे.

पुण्या-मुंबईहून येणाऱ्याला इथलं भाडं ऐकून हायसं वाटतं. पण इथल्या पगाराच्या मानाने ताराबाई पार्क, नागाळा पार्क, राजारामपुरी, रुईकर कॉलनी हे भाग चांगलेच महाग आहेत. त्यात १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गची कामं इथे येऊ लागली, आणि मध्यवस्तीत ऑफिसला किंवा राहायला जागा शोधणाऱ्यांत वकील मंडळींची भर पडली. जून-जुलैत विद्यापीठ आणि कॉलेजांची मुलं-मुली खोल्या शोधत असतात. शक्य असेल तर ती गर्दी सोडून घर शोधा, भाड्यावर बोलायला जागा मिळते.

पहिली पायरी: नदी कुठवर येते ते विचारा

कोल्हापुरात भाग ठरवताना ऑफिस किती लांब याच्या आधी पंचगंगेचा विचार करावा लागतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली होती. तिथली इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, आणि 'राधानगरीचे किती दरवाजे उघडले' हा प्रश्न चहाच्या टपरीपासून ऑफिसच्या लिफ्टपर्यंत सगळीकडे ऐकू येतो.

नवख्या माणसाची फसगत होते ती 'नदी तर लांब आहे' या समजुतीने. पाणी फक्त नदीकाठाने चढत नाही. नदीला फुगवटा आला की जयंती नाल्यातून ते उलटं शहरात शिरतं, आणि नदीपासून बऱ्यापैकी आत असलेल्या व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, दसरा चौकाचा परिसर अशा ठिकाणी येऊन उभं राहतं. सुतारवाडा, दुधाळी, शुक्रवार पेठ आणि उत्तरेश्वर पेठेचा नदीकडचा भाग, रमणमळा, नागाळा पार्कचा सखल भाग, कसबा बावड्याची नदीकडची बाजू इथेही चौकशी केल्याशिवाय घर घेऊ नका. एकाच रस्त्यावर पुढची बिल्डिंग कोरडी आणि मागची बुडालेली, असंही असतं. त्यामुळे भागाच्या नावावर न जाता त्या इमारतीचं विचारा.

विचारायचं कुणाला? मालक आणि एजंट सोडून कुणालाही. समोरचा किराणा दुकानदार, इस्त्रीवाला, वॉचमन मामा. सरळ विचारा, "मामा, २०१९ ला पाणी कुठवर आलतं?" कोल्हापुरी माणूस हाताने भिंतीवर खूण दाखवून सांगतो. ही गोष्ट इथे कुणी लपवत नाही, कारण त्या दिवसांत सगळ्यांनी एकमेकांना दोर धरून बाहेर काढलंय. पाटबंधारे खात्याच्या पूररेषाही असतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. विकत घेणाऱ्याने त्या बघाव्यातच. भाड्याने घेणाऱ्याला दुकानदाराची खूण जास्त उपयोगी पडते.

"आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आम्हाला काय पूर?" हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलंय. वरच्या मजल्यावर पाणी येत नाही, हे खरं. पण पार्किंगमध्ये चार फूट पाणी आलं की काय होतं ते नीट डोळ्यांसमोर आणा. मीटर बोर्ड बहुतेक पार्किंगमध्येच असतो. तो पाण्याखाली जायच्या आधी वीज तोडली जाते. वीज नाही म्हणजे लिफ्ट नाही आणि खालच्या टाकीतून वर पाणी चढवणारी मोटार नाही. खालच्या टाकीत पुराचं घाण पाणी शिरलेलं असतं, त्यामुळे ओसरल्यावरही ती उपसून, धुऊन, ब्लिचिंग टाकून घेतल्याशिवाय वापरता येत नाही. संडासाची लाइन उलटी तुंबते. गाडी आधीच हलवली नसेल तर ती गेलीच. म्हणून पूरपट्ट्याच्या आसपासची बिल्डिंग बघताना तीन गोष्टी बघा: मीटर बोर्ड जमिनीपासून किती उंचीवर आहे, खालच्या टाकीचं झाकण जमिनीच्या पातळीला आहे की ओटा करून वर घेतलंय, आणि पूर आला की गाड्या कुठे नेतात हे बिल्डिंगमध्ये ठरलेलं आहे का. ज्या बिल्डिंगने २०१९ नंतर मीटर वर चढवून घेतलेत, तिथली कमिटी जागी आहे असं समजायला हरकत नाही.

दुसरी पायरी: नळाचं पाणी आणि हद्दीचा प्रश्न

पूर आला की नळाचं पाणी बंद होतं, ही कोल्हापूरची जुनी व्यथा. २०१९ ला नदीकाठची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि सगळं शहर टँकरवर आलं. काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनचं पाणी यावं म्हणून शहराने वर्षानुवर्षं आंदोलनं केली, आणि २०२३ च्या दिवाळीत ते पाणी आलं. तरीही गळती, पंपाचा बिघाड, वीज गेली अशा कारणांनी एखाद-दोन दिवस पाणी न येणं हे इथे घडतंच.

म्हणून चौकशी करताना 'पाणी आहे ना?' असं विचारू नका, उत्तर 'भरपूर' असंच येतं. पाणी किती वाजता येतं, किती वेळ, वरची टाकी एका भरण्यात दिवसभर पुरते का, बोअर आहे का, बोअरचं पाणी वेगळ्या लाइनने फक्त संडास-बाथरूमला जातं की सगळं एकत्र, आणि मोटार कोण चालू करतं? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण निम्म्या बिल्डिंगमध्ये भांडण तिथेच होतं. मोटार चालू करणारा माणूस ठरलेला नसेल तर एक दिवस टाकी वाहते आणि दुसऱ्या दिवशी सगळे साबण लावून बसतात.

शहराची हद्द कुठे संपते तेही माहीत करून घ्या. हद्दवाढीचा वाद कित्येक वर्षं चाललाय. पाचगाव, मोरेवाडी, उजळाईवाडी, उचगाव, कळंबा हे भाग दिसायला शहरच आहेत, पण कारभार ग्रामपंचायतीचा. तिथे भाडं कमी पडतं, हवा मोकळी मिळते, बिल्डिंगही नवीन असते. त्या बदल्यात पाणी किती दिवसाआड येतं, टँकर मागवावा लागतो का आणि त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की वेगळा काढतात, कचरा कोण उचलतं, रात्री केएमटीची शेवटची बस किती वाजता, हे सगळं विचारावं लागतं. गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत काम असेल तर उजळाईवाडीकडचा भाग सोयीचा. शिवाजी विद्यापीठ, सायबर चौक परिसरात काम असेल तर राजारामपुरी किंवा सागरमाळ. शिरोली एमआयडीसीत रोज जाणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं की मोठ्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद पडतो.

तिसरी पायरी: पावसात एकदा परत या

घर आवडलं तर दुसरी भेट पावसात द्या. ते जमत नसेल तर भिंती वाचायला शिका. इथला पाऊस नैऋत्येकडून वाऱ्यासकट मारतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या भिंती आधी ओलावतात. नवा रंग फक्त एकाच भिंतीला दिलेला असेल तर तिथे हात लावून बघा. कपाट सरकवून मागचं बघा. सगळ्यात वरच्या मजल्यावर असाल तर टेरेसवर जा आणि पाणी साचल्याचे डाग बघा. बाथरूमच्या छताला पिवळट वर्तुळं असतील तर वरच्या घरातून गळतंय. ती गळती काढायला वरच्याची फरशी फोडावी लागते आणि वरचा सहसा तयार होत नाही. अशा घराला मी नाहीच म्हणेन, भाडं कितीही कमी असो.

लाइटबिलाचं एक गणित समजून घ्या. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे. पहिल्या १०० युनिटचा दर कमी, १०० च्या पुढचा बराच जास्त. तुमच्या फ्लॅटला स्वतंत्र मीटर असेल आणि महिन्याला १०० युनिट जळत असतील तर सगळी युनिट स्वस्त दरात बसतात. पण मालकाने एकाच मीटरवर दोन कुटुंबं ठेवून सबमीटर लावला असेल, तर दोघांची मिळून २०० युनिट होतात आणि त्यातली १०० वरच्या दरात जातात. बंगल्याच्या मजल्याचे भाग पाडून केलेल्या खोल्यांत हे सर्रास असतं. तेव्हा मीटर स्वतंत्र आहे का ते बघा आणि मागची दोन-तीन बिलं मागून घ्या. आधीच्या भाडेकरूची थकबाकी त्यातच दिसते.

पार्किंगचं मालकाच्या तोंडी शब्दावर सोडू नका. "लावा की कुठंबी, कोण काय म्हणत नाही" हे पहिल्या महिन्यापुरतं असतं. खाली उतरून नेमकी जागा दाखवायला सांगा आणि ती करारात लिहून घ्या. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, महाद्वार रोडच्या आसपासच्या जुन्या बिल्डिंगमध्ये चारचाकीला जागा मिळणं अवघडच. तिथे राहायचं तर दुचाकीवर भागवायची तयारी हवी.

चौथी पायरी: पैशांचं आधी बोलून घ्या

भाडं आणि डिपॉझिट सगळे विचारतात. मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, आणि घरफाळा व पाणीपट्टी कोण भरणार, हे विचारायचं राहून जातं. रीत अशी की घरफाळा मालकाचा, लाइटबिल भाडेकरूचं, पाणीपट्टी आणि मेंटेनन्सचं जे ठरेल ते. लिफ्टची मोठी दुरुस्ती, टेरेसचं वॉटरप्रूफिंग, बिल्डिंगचा रंग यासाठी निघणारी वर्गणी मालकाचीच असते. ती तुमच्या माथी येऊ नये म्हणून करारात एक ओळ पुरते.

इथे दोन प्रकारच्या इमारती असतात. काही १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदवलेल्या सोसायट्या, आणि काही १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालच्या. सोसायटी असेल तर भाडेकरू ठेवल्याबद्दल मालकाकडून घेतला जाणारा बिनभोगवटा आकार सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा शासनाचा २००१ चा आदेश आहे. हा आकार मालकाने भरायचा असतो. 'भाडेकरू म्हणून तुम्हाला डबल मेंटेनन्स' असं कुणी म्हणालं तर आवाज न चढवता पावती मागा आणि तो विषय मालकाला कमिटीशी बोलू द्या. तुम्ही त्या भांडणात मध्ये पडायचं कारण नाही.

एजंट साधारण एका महिन्याचं भाडं कमिशन घेतो. कमी-जास्त बोलून घेता येतं. टोकन देण्याआधी मात्र एक करा: तुमचं पूर्ण नाव, किती जण राहणार, काम काय, स्वयंपाकात काय शिजतं हे सगळं एजंटला मालकाच्या कानावर घालायला लावा. टोकन दिल्यावर 'मालक नको म्हणतायत' असं कळलं की ते पैसे परत मिळवताना जीव मेटाकुटीला येतो.

पाचवी पायरी: करार नोंदवूनच घ्या

"शंभराच्या बाँडवर नोटरी करू, आपल्या माणसात एवढं काय" असं तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. नोटरी पुरत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच असला पाहिजे, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. म्हणजे नोंदणी ही मालकाच्याही फायद्याची आहे. त्यांना हे असंच सांगा, बहुतेक जण पटकन तयार होतात.

खर्चाला घाबरण्यासारखं काही नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का असतं, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते त्या भाड्यात मिळवतात. समजा भाडं १२,००० आणि डिपॉझिट ५०,०००. अकरा महिन्यांचं भाडं १,३२,००० झालं, डिपॉझिटचं धरलेलं व्याज साधारण ४,६००. दोन्हींचा पाव टक्का चारशे रुपयांच्या आत येतो. त्यावर नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५००. ऑनलाइन नोंदणी आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या होते. करून देणाऱ्याचा मेहनताना वेगळा. हा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा वाटून घ्यावा.

करारात या गोष्टी शब्दांत असू द्या: डिपॉझिट किती आणि घर सोडल्यावर किती दिवसांत परत, नोटीस किती महिन्यांची, मुदतीच्या आधी सोडलं तर काय, पार्किंगची जागा, घरातल्या वस्तूंची यादी, आणि सोडताना रंगाचे पैसे कापणार की नाही. हा शेवटचा मुद्दा पाहुणचाराच्या गप्पांत राहून जातो आणि डिपॉझिटच्या दहा वादांतले सात-आठ रंगापाशीच अडतात, असा माझा अनुभव. डिपॉझिट बँकेतून द्या आणि शेऱ्यात 'डिपॉझिट' असं लिहा. रोख द्यायची वेळ आलीच तर सही असलेली पावती घ्या. आणि मुदत संपली की नवा करार करा. मुदत उलटल्यावर घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट भाडं मागायची तरतूद याच कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे.

भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते, महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून ते ऑनलाइन होतं. त्याची पोच स्वतःजवळ ठेवा, सोसायटीलाही तीच लागते.

सहावी पायरी: माणसं

कोल्हापूरच्या एका मध्यम बिल्डिंगमध्ये आज कोण कोण राहतं बघा. शिवाजी पेठेतून मुलांच्या शाळेसाठी बाहेर पडलेलं मराठा कुटुंब, शाहूपुरीत दुकान असलेले गुजराती किंवा मारवाडी काका, सूर्यास्ताआधी जेवणारं जैन कुटुंब, निपाणी-बेळगावकडचे कानडी बोलणारे लिंगायत शिक्षक, गुजरीत सोनारकाम करणारा बंगाली कारागीर, बँकेत बदलीवर आलेली दलित समाजातली अधिकारी, मुस्लिम डॉक्टर दांपत्य, फौंड्रीत सुपरवायझर असलेला बिहारचा पोरगा आणि कोकणातून शिकायला आलेल्या चार मुली. हे इथे नवीन नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगं उभी करायला मदत केली, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल निघालं. दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग आजही एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. परगावच्या पोराला राहायला जागा देणं ही या शहराची जुनी सवय आहे.

तरीही घर शोधताना "आडनाव काय?" हा प्रश्न येतो, आणि तो नुसत्या ओळखीसाठी नसतो हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं. आडनाव ऐकून 'कालच दुसऱ्याला दिलं' असं सांगितलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. शाहू महाराजांच्या गावात तर नाहीच नाही. पण घर शोधणाऱ्याला आज संध्याकाळी छप्पर हवं असतं, म्हणून उपयोगाचं सांगते. एजंटपेक्षा ऑफिसातल्या सहकाऱ्यामार्फत घर शोधा. ओळखीच्या माणसाने शब्द टाकला की इथे दार लवकर उघडतं. मालक परगावी राहतो अशा फ्लॅटमध्ये नसती चौकशी कमी होते. आणि कमिटी आडवी आली तर हे लक्षात असू द्या की आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, सदस्याला फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं आणि कराराची प्रत द्यावी लागते. अविवाहित मुला-मुलींनाही हेच लागू.

मटणाबद्दल. कोल्हापुरात रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे रांग असते आणि आषाढात, श्रावण लागायच्या आधी, घरोघरी बेत होतात. त्याच बिल्डिंगमध्ये कांदा-लसूणही न खाणारी घरं असतात. दोन्ही घरं वर्षानुवर्षं सलोख्याने राहू शकतात, त्याला थोडं भान लागतं. तुम्ही खात असाल तर लपवू नका. लपवलेलं पहिल्या फोडणीला कळतं आणि मग मन कलुषित होतं. एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा, जिन्याकडचं दार बंद ठेवा, हाडं-काटे वेगळ्या पिशवीत गाठ मारून त्याच दिवशी कचऱ्यात द्या, कारण जिन्यात कुत्र्यांनी फाडलेली पिशवी ही वासापेक्षा मोठी तक्रार असते. तुम्ही खात नसाल तर शेजारी काय शिजतंय यावर तुमचा हक्क नाही, हेही मनाशी ठरवून या. शेजारच्या वहिनींनी आणून दिलेल्या डब्यात काय आहे हे विचारायला संकोच नको. "आमच्यात चालत नाही हो" असं हसून सांगितलं की पुढच्या वेळी पुरणपोळी येते.

आवाजाचं वेळापत्रक आधीच माहीत असलेलं बरं. राजारामपुरीत गणेश चतुर्थीलाच मोठ्या आगमन मिरवणुका निघतात, महाद्वार रोडवर अनंत चतुर्दशीची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. आषाढात त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाई देवीच्या यात्रेला गल्लोगल्लीतून 'पी ढबाक'च्या तालावर टेंबलाईला पाणी जातं. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवतीचे रस्ते वाहनांना बंद असतात. रंग इथे धुळवडीपेक्षा रंगपंचमीला खेळतात, त्या दिवशी गाडीवर कव्हर घाला. फुटबॉलच्या हंगामात पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांचा सामना असला की पेठेत रात्री फटाके वाजणारच. घरात तान्हं बाळ, परीक्षेचं मूल किंवा आजारी माणूस असेल तर पेठेतल्या मुख्य रस्त्यावरचा फ्लॅट घेऊ नका, गल्लीच्या आतला घ्या. कायद्याने रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे. सरकार वर्षातले ठरावीक दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देतं. एरवी त्रास झाला तर ११२ आहेच, पण आधी मंडळाच्या एखाद्या कार्यकर्त्याला गाठून "दादा, घरात म्हातारं माणूस आजारी आहे, तोंड जरा तिकडं फिरवा" असं सांगून बघा. स्पीकर बहुतेक वेळा फिरतो. हीच तालमीची पोरं पुरात कमरेएवढ्या पाण्यातून दूध आणि औषधं आणून देतात. त्यांच्याशी ओळख असणं फायद्याचंच आहे.

राहायला गेल्यावर पहिल्या आठवड्यात शेजारच्या आणि खालच्या घराची बेल वाजवा, नाव सांगा, फोन नंबर द्या. बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घ्यायला सांगा, कारण पाणी येणार नाही, टाकी धुणार, लिफ्ट बंद हे तिथेच कळतं. भाडेकरूला सभेत मत नसतं. पण ज्याने एकदा लिफ्टच्या माणसाला बोलावण्यासाठी अर्धा दिवस घालवला, त्याचं म्हणणं पुढे सगळे ऐकतात.

रोजचं बारीकसारीक

महापालिकेचा कचऱ्याचा टिपर सकाळी येतो, ओला-सुका वेगळा द्यावा लागतो. धुण्याभांड्याच्या मावशी बिल्डिंगमध्ये आधीपासून येत असतात, त्यांनाच विचारा आणि पगार, सुट्ट्या, दिवाळीचं आधी बोलून घ्या. दुधाला पिशवी मिळते, पण म्हशीच्या दुधाचा रतीब लावून बघा. गंगावेशीत कट्ट्यावर समोर पिळलेलं धारोष्ण दूध पिणारं हे गाव आहे, घरी येणारं दूधही चांगलंच असतं. गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालायच्या असतील तर दोरी आणि जागा कुणाची ते विचारून घ्या, उन्हाळ्यात तिथे पाळ्या लागलेल्या असतात.

घर सोडताना

नोटीस लेखी द्या, व्हॉट्सॲपवर का होईना, आणि मालकाचं 'ठीक आहे' मिळालेलं जपून ठेवा. शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करायचं का, ते आधी ठरवा. मालक परगावी असेल तर मला हाच मार्ग बरा वाटतो. राहायला आलात त्या दिवशी भिंती, नळ, फरशी आणि गिझरचे फोटो काढले असतील तर सोडताना त्याच जागांचे पुन्हा काढा. मीटरचं रीडिंग मालकासमोर घ्या, शेवटचं बिल भरून पावती द्या, मेंटेनन्सची थकबाकी नाही असं सेक्रेटरींकडून लिहून घ्या. बँक, गॅस आणि आधारवरचा पत्ता बदला. किल्ली आणि डिपॉझिट यांची देवाणघेवाण एकाच बैठकीत करा. 'उद्या टाकतो' असं उत्तर आलं तर किल्लीही उद्याच द्या.